बाद फेरीसाठी पाहुणा चढाईपटू? माझा विरोध आहे, आणि कारणं ही घ्या

मंडळी, पोस्ट लांब आहे. तरी वेळ काढून वाचा. रविवारच्या बैठकीत जे ठरेल, त्याचा परिणाम तीन दिवसांच्या स्पर्धेपुरता राहणार नाही.

विषय सगळ्यांना माहीत आहे. आपला कबड्डी संघ साखळीतले चारही सामने जिंकून बाद फेरीत गेला. असं गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं. पण चौथ्या सामन्यात मध्यंतराच्या थोडं आधी आपल्या मुख्य चढाईपटूचा घोटा दुखावला. लिगामेंटची इजा आहे, डॉक्टरांनी सहा आठवडे मैदान बंद सांगितलंय. बाद फेरी बारा दिवसांवर आहे. त्याच रात्रीपासून गावात एक नाव फिरायला लागलं. प्रो कबड्डीत खेळलेला, एके काळी टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलेला चढाईपटू. वय ३७. गेली तीन वर्षं मोठ्या स्पर्धेत उतरलेला नाही. तीन दिवसांचे एक लाख रुपये, शिवाय जाण्यायेण्याची गाडी आणि राहण्याची सोय. पैसे द्यायला एक प्रायोजक तयार आहेत. बॅनरचं डिझाईनसुद्धा तयार असल्याचं कानावर आलंय. म्हणजे खेळाडू यायच्या आधी फोटो आलाय.

त्या खेळाडूचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. बोलावणं आलं, पैसे ठरले, तर कुणीही येईल, त्यात त्यांचा काही दोष नाही. माझं भांडण बोलावणाऱ्यांशी आहे.

माझं मत सरळ आहे. हा करार करू नये. भावनेच्या भरात हे बोलत नाही, 'आपलीच पोरं' असा नुसता गजरही करत नाही. कबड्डीच्या हिशेबानं हा निर्णय चुकीचा आहे, पैशाच्या हिशेबानं चुकीचा आहे, आणि गावाच्या हिशेबानं तर सगळ्यात जास्त.

आधी समोरच्यांची बाजू सांगतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, साखळी वेगळी आणि बाद फेरी वेगळी. इथं एक सामना हरला की घरी. शेवटच्या पाच मिनिटांत दोन गुणांचा फरक असताना, हजारो माणसं ओरडत असताना, तिसऱ्या चढाईवर कुणाला पाठवायचं? १९ वर्षांच्या पोराला? त्याचे पाय तिथंच लटपटतील. असे पन्नास सामने ज्यानं पाहिलेत असा एक माणूस संघात हवा. अनुभव हवा.

अनुभव हवा, हे मला मान्य आहे. प्रश्न असा आहे की अनुभव कुठल्या जागेवर कामाला येतो. आणि इथंच आपली मंडळी गल्लत करतायत.

चढाईपटूचं काम बघा. ३० सेकंद. एका दमात समोरच्या सात जणांच्या अंगणात जायचं, हात किंवा पाय लावायचा, आणि पकड बसायच्या आत उलटं फिरून मधली रेषा गाठायची. यातला शेवटचा तुकडा, म्हणजे वळण घेऊन मारलेली ती दोन पावलांची उसळी, हा सगळा गुडघ्याचा आणि घोट्याचा खेळ आहे. डोकं कितीही शाबूत असलं तरी ती उसळी वयाबरोबर जाते. मग अनुभवी चढाईपटू काय करतो? बोनसवर जगतो. पण बोनस मिळायला समोर किमान सहा जण उभे लागतात. समोर पाचच राहिले की तो दरवाजा बंद. तिसऱ्या चढाईला तर गुण घेतल्याशिवाय परतायचंच नाही. म्हणजे ज्या क्षणासाठी आपण त्यांना आणणार म्हणतोय, नेमक्या त्याच क्षणी त्यांच्या अनुभवापेक्षा त्यांचे पाय जास्त लागणार आहेत. आणि ते पाय ३७ वर्षांचे आहेत.

आता कोपरा बघा. कोपऱ्यातल्या खेळाडूला पळायचं नसतं, थांबायचं असतं. चढाईपटूचा पाय कधी हवेत जातो, त्याचं वजन कुठल्या अंगाला झुकतं, तो फसवतोय की खरंच येतोय, हे ओळखून एका क्षणात घोटा धरायचा. शेजारच्याला साखळीत ओढायचं. तरण्या पोराला मागं ढकलायचं, 'अजून नको' म्हणायचं. इथं वय मदत करतं. वीस वर्षांचा कोपरा घाईनं झेप घेतो आणि दोन गुण देऊन बसतो, पस्तिशीतला माणूस वाट बघतो.

हे माझं एकट्याचं तत्त्वज्ञान नाही. मोठ्या पातळीवर काय झालं ते आठवा.

२०२२ च्या फेब्रुवारीत दबंग दिल्लीनं पाटणा पायरेट्सला ३७-३६ असं एका गुणानं हरवून प्रो कबड्डीचा आठवा हंगाम जिंकला. त्या दिल्लीच्या संघाला लोक 'म्हाताऱ्यांचा संघ' म्हणून हसत होते. कर्णधार जोगिंदर नरवाल, जिवा कुमार, मंजीत छिल्लर, सगळे तिशी केव्हाच ओलांडलेले. पण हे लोक होते कुठं? पकडीच्या बाजूला. अंतिम सामन्यात चढाईचं ओझं वाहिलं ते नवीन कुमार आणि विजय मलिक यांनी. नवीनचे १३ गुण, विजयचे १४. आणि नवीन तेव्हा जेमतेम २२ वर्षांचा. अजय ठाकूरही त्याच संघात होता. २०१६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इराणविरुद्ध १२ गुण घेऊन भारताला जिंकून देणारा तो अजय ठाकूर. एवढं मोठं नाव हाताशी असूनही दिल्लीनं चढाई तरण्या पोरावर सोडली. पुढं २०२५ मध्ये दिल्ली पुन्हा जिंकली तेव्हासुद्धा अनुभव होता तो फझल अत्राचली आणि सुरजीत सिंगचा. दोघेही बचावातले.

आता उलटं उदाहरण. प्रदीप नरवाल. चढाईतला याच्यापेक्षा मोठा माणूस प्रो कबड्डीनं पाहिला नाही. पाटण्याला सलग तीन विजेतेपदं, २०१७ च्या एका हंगामात ३६९ चढाई गुण, कारकिर्दीत १८०० च्या वर. २०२१ ला यूपीनं त्याच्यासाठी १ कोटी ६५ लाख मोजले. २०२४ ला बंगळुरूनं ७० लाखांत घेतला. त्या हंगामात बंगळुरू २२ पैकी दोनच सामने जिंकून तळाला राहिलं. दोष एकट्या प्रदीपचा नव्हता, हे खरं. पण २०२५ च्या लिलावात त्याच्यावर कुणीच बोली लावली नाही आणि त्यानं निवृत्ती जाहीर केली. वय किती? २८. मंडळी, अठ्ठावीस! आणि आपण ३७ वर्षांच्या चढाईपटूवर लाख रुपये लावायला निघालोय.

आपल्या चंदगडचा सिद्धार्थ देसाई आठवा. पहिल्याच हंगामात धुमाकूळ, दुसऱ्या वर्षी १ कोटी ४५ लाखांची बोली, आणि त्याच्या पुढच्या हंगामात चार-दोन सामन्यांत दुखापतीनं बाहेर. तोही ऐन उमेदीत. चढाईपटूचं शरीर ही किती नाजूक ठेव आहे ते यावरून समजा.

कुणी म्हणेल, मनिंदर सिंग तिशीनंतरही खेळलाच की. खेळला, आणि चांगला खेळला. पण तो खेळत राहिला होता. तीन वर्षं घरी बसून थेट बाद फेरीच्या मॅटवर उतरला नव्हता. आणि मनिंदरची गोष्ट निघालीच आहे तर ती पुरी सांगतो, कारण ती आपल्यासाठीच आहे. २०१९ ला बंगाल वॉरियर्स बाद फेरीत गेले तेव्हा त्यांचा कर्णधार आणि मुख्य चढाईपटू मनिंदरच जायबंदी होता. अंतिम सामन्यात तो उतरलाच नाही. बंगालनं काय केलं? हंगामभर जे खेळले त्यांच्याच जोरावर दिल्लीला ३९-३४ असं हरवलं आणि करंडक नेला. आज आपण ज्या जागी उभे आहोत, अगदी त्याच जागेवरून.

आता आपल्या संघाकडं या. भाषणं बाजूला ठेवू, गुणपत्रिका उघडू. चारही सामन्यांना मी वहीत नोंदी ठेवल्यात, कुणाला बघायच्या असतील तर घरी या, चहा पाजतो.

चार सामन्यांत मिळून आपले १२८ गुण झाले. त्यात मुख्य चढाईपटूचे ४१. म्हणजे एक तृतीयांशसुद्धा नाहीत. 'तो गेला, संघ संपला' असं जे चाललंय ते आकड्यांत दिसत नाही. धाकट्या चढाईपटूचे १९, तिसऱ्याचे ११. लोणाचे १२, समोरच्यांच्या चुकांचे ४. आणि पकडींचे किती? ४१. मुख्य चढाईपटूनं घेतले तेवढेच गुण आपल्या बचावानं मिळवलेत. पण पकडी करणाऱ्याचा फोटो बॅनरवर कुणी लावत नाही.

आता त्या ४१ पकडींची फोड करा. आपला डावा कोपरा, वय ३५, चारपैकी दोनच सामने खेळला. दोन सामन्यांना त्याची कारखान्यात पाळी होती, गाळप हंगाम सुरू आहे, सुटी मिळाली नाही. तो असताना दोन सामन्यांत आपल्या २७ पकडी. तो नसताना दोन सामन्यांत १४. समोरचे संघ सारखे नव्हते हे धरूनही हा फरक डोळ्यांत भरणारा आहे. तिसरा सामना आपण दोन गुणांनी कसाबसा वाचवला, तो याच कारणानं.

म्हणजे भोक आहे डाव्या कोपऱ्यात, आणि ठिगळ लावायला निघालोय चढाईला. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय? अनुभव विकत आणायला लाख रुपये मोजायची तयारी आहे, आणि जो अनुभव आपल्याच गावात, आपल्याच गल्लीत राहतो, त्याची तीन दिवसांची पाळी बदलून घ्यायला मंडळाच्या एकाही पदाधिकाऱ्यानं आजवर एक फोन केलेला नाही. यांच्यापैकी निम्म्यांची ऊठबस कारखान्याच्या संचालकांबरोबर असते. स्वतःच्या मेव्हण्याचं काम असतं तर फोन गेला असता की नाही, तुम्हीच सांगा.

राहिला तो धाकटा. १९ वर्षांचा, आयटीआयला आहे, सकाळी दूध घालून सरावाला येतो. चार सामन्यांत ३३ चढाया, १९ गुण, सात वेळा पकडला गेला. शेवटच्या सामन्यात मोठा बाहेर गेल्यावर यानं नऊ चढाया केल्या, पाच गुण आणले, दोनदा सापडला. पाय लटपटायचे असते तर तेव्हाच लटपटले असते. सामना आपण तेव्हाच जिंकला, पाहुणा बोलावून नाही.

आणि त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडं जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी पुढच्याच महिन्यात आहे. बाद फेरीचे सामने बघायला जिल्ह्यातली जाणती माणसं येतात, निवड करणारेही येतात. गावच्या चषकाच्या प्रमाणपत्रावर नोकरी लागत नाही, हे आपण जाणतो. पण जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय, अशीच ती शिडी आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, आणि त्या जागांपर्यंत जाणारी वाट याच पहिल्या पायरीवरून सुरू होते. दूध घालणाऱ्या घरातल्या पोराला दुसरी शिडी नाही. पायरीवर त्याचा पाय पडायच्या वेळीच आपण त्याला सांगणार, 'बस बाकावर, पाहुणे आलेत.'

पुणेरी पलटणचं उदाहरण इथं घ्यायलाच हवं. २०२१-२२ चा हंगाम. संघात राहुल चौधरी आणि नितीन तोमर अशी चढाईतली बडी नावं होती. पण हंगाम पुढं सरकला तसा संघानं भार टाकला तो अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या दोन नव्या पोरांवर. अस्लम आपल्या नगर जिल्ह्यातला. मोठ्या नावांच्या मागं तो बाकावर बसून राहिला असता तर आज कुणाला ठाऊक असता? त्याच वर्षी पलटण बाद फेरीत पोचली. पुढच्या वर्षी अंतिम फेरीत. आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ नमवून विजेती झाली तेव्हा कर्णधार होता अस्लम. त्या अंतिम सामन्यात चढाईत चमकला तो पंकज मोहिते, तोही मराठी पोरगा. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघातही अस्लम होता.

आणि २०२१-२२ ला पुण्याचा प्रशिक्षक कोण होता ठाऊक आहे? अनुप कुमार. यू मुंबाला २०१५ चं विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार. २०१८ ला जयपूरकडून खेळताना हंगाम सुरू असतानाच त्यानं निवृत्ती जाहीर केली, वय ३५. अनुपसारखा बोनसचा बादशहा, शांत डोक्याचा माणूस ३५ ला थांबला आणि मैदानाबाहेर उभा राहून त्यानं नव्या पोरांना उभं केलं. जोगिंदर नरवालचंही तेच. २०२२ ला कर्णधार म्हणून जिंकला, २०२५ ला त्याच दिल्लीचा प्रशिक्षक म्हणून जिंकला. जुन्या खेळाडूचा मान राखायचा तर असा राखतात. पोटरीला पट्टी बांधून, तीन दिवस तिकिटासारखं वापरून नाही.

आता पैशाचं बघू. 'पैसे प्रायोजकाचे आहेत, तुमच्या खिशातून जातात का?' असं मला दोघांनी फोनवर विचारलं. ठीक आहे, हिशेब करू. पहिलं बक्षीस १,११,१११ रुपयांचं. पाहुण्यांचे एक लाख, गाडी, हॉटेल, जेवण धरलं तर खर्च बक्षिसाच्या वर जातो. म्हणजे आपण स्पर्धा जिंकलो तरी पदरात शून्य, आणि उपांत्य फेरीत हरलो तर सगळंच पाण्यात.

हेच प्रायोजक गेल्या वर्षी मॅटसाठी विचारायला गेलेल्या पोरांना म्हणाले होते, 'यंदा हात आखडता आहे.' आपली पोरं सराव करतात मातीवर आणि सामना खेळतात मॅटवर. दोन्हीकडं पाय टाकायची रीत वेगळी, घसरण वेगळी, बूट वेगळे. बारा पोरांपैकी पाच जणांकडं मॅटचे धड बूट नाहीत, एकमेकांचे घालून उतरतात. नगरपरिषदेच्या मैदानावरचे दिवे बंद आहेत, संध्याकाळी सहानंतर सराव मोटारसायकलींच्या उजेडात चालतो. यातल्या कशालाच बॅनर लागत नाही, म्हणून यातल्या कशालाच पैसे नाहीत.

आणि ज्या पोराच्या घोट्यामुळं हा सगळा प्रश्न उभा राहिला, त्याच्या एमआरआयचे पैसे कुणी भरले, विचारा. त्याच्या वडिलांनी. व्याजानं काढून. संघातल्या पोरांनी आपापसांत वर्गणी काढून औषधांचं बघितलं. मंडळाकडून कुणी दवाखान्यात फिरकलं नाही. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, ते हेच. चार सामने त्यानं ४१ गुण आणून दिले, पाचव्या दिवशी तो कुणाचा कुणी नाही. आणि त्याच्या जागी येणाऱ्या पाहुण्याला लाख रुपये! उरलेल्या अकरा पोरांनी यातून काय शिकायचं? जीव तोडून खेळा, पडलात तर तुमचं तुम्ही बघा, आम्ही दुसरा आणू.

निवडणुका तोंडावर असल्या की असे चमत्कार होतात, हे सांगायला मी पत्रकार असायची गरज नाही. प्रायोजकांनी पैसे द्यावेत, फोटोही लावावा, माझी ना नाही. पण संघात कोण खेळणार हे संघाचा प्रशिक्षक ठरवेल. आपल्या प्रशिक्षकांना या विषयावर अजून कुणी एका शब्दानं विचारलेलं नाही. मी विचारलं. ते एवढंच म्हणाले, 'मला सांगतील तसं.' वीस वर्षं फुकट शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य यावं, याची लाज मंडळाला वाटायला हवी.

'गर्दी जमेल' असंही एक कारण पुढं येतंय. जमेल की. पहिल्या दिवशी जमेल. पण पाहुण्याची पहिली चढाई रिकामी गेली, दुसरीत पकड झाली, की तीच गर्दी शिट्ट्या मारायला लागेल. ज्या माणसाला आपण टीव्हीवर पाहून टाळ्या वाजवल्या, त्याची आपल्या गावात अशी शोभा व्हावी असं मला वाटत नाही. त्यांच्या चाहत्यांनी तरी या कराराला विरोध करायला हवा.

'हरलो तर जबाबदार कोण?' हा शेवटचा प्रश्न, आणि खरं तर तोच सगळ्यांच्या मनात आहे. पाहुणा आणून हरलो तर मंडळ म्हणणार, 'आम्ही तर लाख रुपये लावले होते.' पोरांना घेऊन हरलो तर बोट मंडळाकडं जाणार. म्हणजे हा करार जिंकण्यासाठी चाललेला नाही, हरल्यावर हात झटकता यावेत म्हणून चाललाय. उसनं अवसान म्हणतात ते हेच. मी सांगतो, पोरांना घेऊन आपण हरूही शकतो. उपांत्यपूर्व फेरीत समोरचा संघ तगडा आहे, त्यांचा उजवा कोपरा जिल्ह्यात नावाजलेला आहे, आपला धाकटा दोन-तीनदा त्याच्या हाताला लागणारच. पण त्या पकडीतून तो जे शिकेल ते पुढची आठ-दहा वर्षं आपल्याच संघात राहील. पाहुणा जे शिकवून जाईल ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्याच गाडीत बसून जाईल.

नुसता विरोध करून थांबत नाही. रविवारच्या बैठकीत मी या मागण्या ठेवणार आहे. पटल्या तर तुम्हीही हात वर करा.

एक, डाव्या कोपऱ्याच्या तीन दिवसांच्या पाळीसाठी अध्यक्षांनी आणि सचिवांनी स्वतः कारखान्यात जाऊन बोलावं. फोन नको, जाऊन. सोमवारच्या आत.

दोन, जायबंदी खेळाडूच्या उपचाराचा आजवरचा सगळा खर्च मंडळानं त्याच्या वडिलांना परत करावा. पुढचाही उचलावा. प्रायोजकांना पैसे द्यायचेच असतील तर पहिले इथं द्यावेत, मी स्वतः त्यांचा फोटो छापतो.

तीन, बारा पोरांना मॅटचे बूट, आणि बाद फेरीच्या आधी किमान सहा दिवस मॅटवर सराव. शेजारच्या तालुक्यातल्या महाविद्यालयाकडं मॅट आहे, रीतसर पत्र दिलं तर संध्याकाळी दोन तास मिळू शकते.

चार, संघनिवड प्रशिक्षकांची. त्यात कुणीही ढवळाढवळ करायची नाही.

पाच, त्या ज्येष्ठ खेळाडूंना जरूर बोलवा. बाद फेरीच्या आधी दोन दिवसांच्या सरावाला बोलवा, मानधन द्या, शाल-श्रीफळ द्या, पहिल्या सामन्याला पाहुणे म्हणून बसवा. तिसऱ्या चढाईला डोकं कसं थंड ठेवायचं हे त्यांनी आपल्या धाकट्याला दोन संध्याकाळी शेजारी बसवून सांगितलं, तर त्याची किंमत लाखाच्या वर आहे. आणि खर्च त्याच्या पाव हिश्श्यात होतो.

मला कुणी 'नकारात्मक पत्रकार' म्हणेल, त्याची सवय आहे. कुणी म्हणेल, तुम्ही कधी मॅटवर उतरलाय का? नाही उतरलो. पण पंचवीस वर्षं गुणफलकाच्या शेजारी बसतोय, आणि हिशेब करायला मांडी थोपटावी लागत नाही.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता, मंडळाच्या कार्यालयात. बैठक सभासदांसाठी खुली आहे, वर्षाची वर्गणी भरलेल्या प्रत्येकाला बोलायचा हक्क आहे. पावती सोबत आणा, नाहीतर दारातच अडवतील. पोरांच्या आईवडिलांनी तर नक्की या, कारण आजवर त्यांना कुणी विचारलेलंच नाही.